परावर्तन तेजोमेघ की परावर्तन अभ्रिका?

एका लेखासाठी शब्द हवाय. आयसी २२२० उर्फ टोबी जग हा नेब्युला, म्हणजे अवकाशातला गॅस नि धुळीचा ढग (इंग्रजांचा तो माणसाच्या रूपाचा बिअरचा जग असतो ना, तसा दिसतो म्हणे), अगस्त्य ज्या कॅरिना तारकासमूहात आहे तिथलाच, साधारण १२०० प्रकाशवर्षांवर. मधोमध एक म्हातारा लाल राक्षसी तारा आहे आणि तो स्वतःचंच आवरण गॅस नि धूळ करून बाहेर फेकतोय. रिफ्लेक्शन नेब्युलाला मी परावर्तन तेजोमेघ लिहिलं तर वाचणाऱ्याला खटकलं. का?

--
खटकणारच. तेजोमेघ म्हटलं की ढगाला स्वतःचं तेज आहे असं वाटतं. मृगातल्या मोठ्या नेब्युलाला ते चालतं, तिथे तापलेल्या तरुण ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी हायड्रोजन खरंच चमकतो. तुमच्या लाल ताऱ्याचा पृष्ठभाग साडेतीन हजार केल्व्हिनच्या आसपास, सूर्याच्या ५८०० पुढे थंडच, त्याच्यात गॅस पेटवायची ताकद नाही, मग धुळीच्या कणांवर आपटून विखुरलेला ताऱ्याचाच उजेड आपल्याला दिसतो, सगळं उसनं. अभ्रिका लिहा. विश्वकोशातही तोच शब्द आहे आणि अभ्र म्हणजे नुसता ढग, तेजाची भानगडच नाही.

--
+१ अभ्रिका. खरं तर परावर्तन पण नाही, प्रकीर्णन (उजेड विखुरणं) आहे, पण रूढ झालंय तर राहू द्या. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ स्लायफरने १९१२ मध्ये कृत्तिकांभोवतीच्या ढगाचा वर्णपट घेतला तो हुबेहूब ताऱ्यांसारखा निघाला, तेव्हा कळलं की उजेड ताऱ्यांचाच आहे. रंगाबद्दल मात्र एक ओळ टाकाच, कारण कृत्तिकांचे फोटो बघून लोकांना वाटतं या अभ्रिका निळ्याच असतात. ज्येष्ठा बघा, तारा लाल म्हणून भोवतीचा ढग पिवळसर.

--
थँक्स दोघांनाही. आणि तारा 'मरणासन्न' लिहू का?

--
नको हो, आजउद्या जाणार असं वाटतं, त्याच्या हिशेबाने 'उतरणीला लागलेला' बरं. आणि फोटोखाली बिंबाभ्रिका (प्लॅनेटरी नेब्युला) तर अजिबात नको. आवरण उडून आतला गाभा उघडा पडायचाय, तो २५-३० हजार केल्व्हिनला गेला की गॅस स्वतः चमकायला लागतो, बिंबाभ्रिका तेव्हा. तेव्हा हवं तर तेजोमेघही लिहा, माझी हरकत नाही.