गोल्फमधील चूक, राग आणि कबुली

भुसावळकर : नमस्कार. आमच्याकडे गोल्फचे मैदान नसल्यामुळे पऱ्हाट्या उपटल्यावर मोकळ्या झालेल्या शेतात मी लहान फटक्यांचा सराव करतो आणि महिन्यातून एकदा पुण्याला भाच्याकडे गेलो की अठरा होल खेळून येतो. गेल्या खेपेला रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, चेंडूमागे आयर्न (लोखंडी डोक्याची स्टिक) टेकवताना चेंडू बोटभर घरंगळला. कोणी पाहिले नाही; मीही बोललो नाही आणि तसाच फटका मारला. चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला. त्यानंतर डोके असे तापले की, अंतर चुकीचे सांगितल्याचा ठपका ठेवून मी वडिलांच्या वयाच्या कॅडीला (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाला) चारचौघांत अरे-तुरे केले. पार चारच्या, म्हणजे चार फटक्यांत संपवायच्या, त्या होलला आठ फटके लागले. परतताना गाडीत भाचा एक शब्द बोलला नाही. राग आवरण्याची सवय लावता येते का?

धुळेकर : भाऊ, आपला राग बंकरमध्ये नव्हे, तर चेंडू हलल्यावर आपण गप्प राहिलात तेथे सुरू झाला, असे मला वाटते. रफमध्ये आपल्या हातून चेंडू हलला तर एक दंडाचा फटका घेऊन तो मूळ जागी ठेवायचा असतो. न ठेवता खेळल्यास एकूण दंड दोन फटक्यांचा होतो. हे त्याच क्षणी मोठ्याने सांगितले असते तर विषय तेथेच मिटला असता. न सांगितल्यामुळे तो मनात राहिला आणि उलट बोलू न शकणाऱ्या कॅडीवर निघाला.

अमळनेरची ताई : धुळेकर दादांशी मी सहमत आहे. प्रसिद्ध अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स तरुणपणी अत्यंत तापट होते. १९२१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजला तिसऱ्या फेरीत बंकरमधून चेंडू निघेना, तेव्हा त्यांनी स्पर्धाच अर्धवट सोडली. त्याच जोन्स यांनी १९२५ च्या यूएस ओपनमध्ये, इतर कोणी पाहिलेले नसताना, रफमध्ये चेंडू हलल्याचे स्वतः सांगून दंड घेतला. त्यामुळे बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये ते विली मॅकफार्लेन यांच्याकडून एका फटक्याने हरले. १९२७ मध्ये मात्र त्याच सेंट अँड्र्यूजला त्यांनी ब्रिटिश ओपन जिंकली. तेव्हा तापट माणसाला हे जमत नाही, असे मुळीच नाही.

सवयीबद्दल सांगायचे तर ती शेतातच लावावी. काळ्या मातीच्या भेगेत चेंडू अडकला तरी पायाने सरकवू नये, आहे तसा मारावा आणि प्रत्येक फटका मोठ्याने मोजावा. वाईट फटक्यानंतर स्टिकची माती पुसून ती बॅगेत ठेवेपर्यंत कोणाशीही बोलू नये. मला याचा फार उपयोग झाला.

भुसावळकर : दादा, ताई, मनापासून आभार. काल भाच्याला फोन करून चेंडू हलल्याचे सांगितले आणि त्या होलवर आठाचे दहा करायला लावले. तो बराच वेळ बोलत राहिला. येत्या रविवारी पुण्याला जात आहे. त्या दिवशीचे सोबतीही असतील. त्यांच्यासमोरच कॅडीकाकांची माफी मागेन.