मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम तिसऱ्या आठवड्यातच का सुटतो?

डोंबिवली_परळ: मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून परळच्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करते. जानेवारीत पायथन या संगणकीय प्रोग्रॅमिंग भाषेच्या बारा आठवड्यांच्या एका मोफत अभ्यासक्रमाला नाव नोंदवले आणि सकाळच्या लोकलमध्ये उभ्यानेच व्याख्याने ऐकू लागले. तिसऱ्या स्वाध्यायात लूप (त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणारा भाग) नेमका कुठे थांबतो हेच उलगडेना, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येईपर्यंत मुदत उलटून गेली आणि त्यानंतर ते पान मी उघडलेले नाही. आता दादरच्या क्लासला पैसे भरावेत का?

स्टाफरूम: आपण एकट्या नाही. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकी विद्यापीठांच्या, एडएक्स या ऑनलाइन शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमांचे 2019 साली प्रसिद्ध झालेले विश्लेषण सांगते, की 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. मात्र ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात हे प्रमाण निम्म्याच्या जवळपास होते. पैसे भरल्याने बुद्धी वाढत नाही. ज्यांचा निश्चय आधीच पक्का असतो तेच बहुधा पैसे भरतात. एनपीटेल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमात शिकणे मोफत असते, पण प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. क्लासऐवजी तेवढा खर्च करून पाहा, कारण परीक्षेची तारीख ठरली की माणूस अभ्यासाला बसतो (हे मी वीस वर्षे वर्गात पाहत आलो आहे).

पवईचा_शेजारी: सरांशी मी अर्धाच सहमत आहे. लोकलमध्ये पायथन ऐकता येते, शिकता येत नाही. त्याला हाताखाली कीबोर्ड लागतो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे साधारण दहा मिनिटांचे धडे याच हिशेबाने बेतलेले आहेत: धडा थोडा पाहायचा, थांबवायचा, तेच आपल्या संगणकावर करायचे आणि मग पुढे जायचे. त्यांतील बरेच धडे मराठीत आहेत. शिवाय मोफत आणि मुक्त यांत फरक आहे. पुष्कळ ठिकाणी व्हिडिओ फुकट पाहता येतो, परंतु तो वाटण्याचा किंवा भाषांतरित करण्याचा हक्क मिळत नाही. या धड्यांचा परवाना मुक्त असल्यामुळे ते उतरवून घेऊन इतरांनाही देता येतात. इंग्रजी व्याख्यान समजते, पण अडलेली शंका इंग्रजीत मांडताना मन कचरते, हे कुणी फारसे बोलत नाही.

मुलुंडकर: माझे दोन अभ्यासक्रम अर्धवट राहिले, तिसरा पूर्ण झाला, आणि फरक एवढाच, की आम्ही चौघे दर रविवारी वाचनालयाच्या अभ्यासिकेत एकत्र बसत होतो. लूपचे म्हणाल, तर प्रत्येक फेरीत चलाची किंमत वहीत एकाखाली एक लिहीत जा. आपण हिशेबाच्या माणूस आहात, तीन ओळींत चूक सापडेल.

डोंबिवली_परळ: वहीत मांडून पाहिले. मोजणी एकऐवजी शून्यापासून सुरू होत होती, म्हणून एक फेरी जास्त पडत होती. क्लासची चौकशी तूर्त थांबवते. मुलुंडकर, त्या अभ्यासिकेत लॅपटॉपला प्लग मिळतो का?