'कुशी जॉब' म्हणजे काय नेमकं? कुशनवरून आलाय का हा शब्द?

सिंहगडरोडवाली:
माझी बहीण हिंजवडीत आहे, रात्रीचा सपोर्ट बघते. काल कॉलवर लंडनचा एकजण तिला म्हणाला, तुझा जॉब एकदम कुशी आहे, आणि तिला ते चांगलंच लागलं. आरामाची नोकरी एवढं कळतंय, पण त्यात टोमणा असतो का? आणि हे कुशनवरून आलंय ना, मऊ मऊ म्हणून?

कोथरूडकर:
टोमणा असतो, बऱ्यापैकी. काम कमी न् पगार बक्कळ, असा अर्थ. स्वतःबद्दल बोलताना चालतो, म्हणजे 'सध्या मस्त कुशी जॉब लागलाय यार', पण दुसऱ्याला तोंडावर म्हटलं की 'तुला काय बाबा, बसून पगार' असंच ऐकू येतं, आणि रात्र रात्र जागणाऱ्या पोरीला हे म्हणणं तर अजिबात बरोबर नाही. ब्रिटिश लोक 'कुशी नंबर' पण म्हणतात, तिथे नंबर म्हणजे नोकरीच. इंटरव्ह्यूत वापरू नका.

जुनीपेठ:
कुशनशी मुळात नातं नाही हो! कुशन जुन्या फ्रेंचमधून आलं. कुशी म्हणजे आपलं खूश, खुशी. फारसीतून हिंदी-उर्दूत आणि तिथून हिंदुस्थानात असलेल्या गोऱ्या सोल्जरांच्या तोंडी, अशा पलटणी आपल्या पुण्याच्या लष्कर भागात (कॅम्पात) आणि खडकीत पण होत्याच की. त्यांना 'ख' जमत नाही, खाकीचं सुद्धा काकी करतात, तसंच खुशीचं कुशी झालं. पुढे पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) हा शब्द खंदकांत खूप चालला. 'कुशी' जखम म्हणजे जिवावर बेतणारी नाही पण घरी पाठवण्याइतकी मोठी, आणि अशा जखमेला 'ब्लायटी' पण म्हणायचे. ब्लायटी म्हणजे इंग्लंड, आणि तो शब्द कुठला, तर विलायती! आपण विलायती चिंच म्हणतो ना, तोच. म्हणजे फ्रान्सच्या चिखलात पडलेला गोरा शिपाई घरची आठवण काढायचा ती आपल्याकडच्या शब्दात, मला हे फार भारी वाटतं.

कोथरूडकर:
सोफ्याला पण कुशी म्हणतात ना हल्ली?

जुनीपेठ:
म्हणतात, ऐकायला सारखं म्हणून कुशनचा अर्थ त्याला चिकटला. पण नोकरी, पोस्टिंग, आयुष्य याबद्दलच जास्त वापरतात.

सिंहगडरोडवाली:
धन्यवाद दोघांनाही, बहिणीला आत्ताच पाठवते, पुढच्या कॉलला त्याला सांगेल म्हणाली रात्रपाळीला कुशी म्हणत नाहीत म्हणून.