मदत हवी आहे: औषध घालूनही मांजरांच्या पिसवा जात नाहीत, घरात सात आठवड्यांचं पिल्लूही आहे

केतकी_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. कर्वेनगरात तळमजल्यावर घर आहे. बोका ४.२ किलो, भाटी ३.४ किलो, दोघांची ऑपरेशनं झालेली. शिवाय पार्किंगमध्ये सापडलेलं साधारण सात आठवड्यांचं पिल्लू, वजन ७०० ग्रॅम.

मोठ्या दोघांना तीन आठवड्यांपूर्वी मानेवर फिप्रोनिलचे थेंब घातले. दुसऱ्या दिवशी शांपूने आंघोळही घातली. चार दिवस बरं होतं, आता परत शेपटीच्या मुळाशी कराकरा चावत बसतात. फणी फिरवली की काळे बारीक कण निघतात. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की आमच्या घोट्यांना चावे. काल बोक्याच्या कानामागे एक गोचीडही मिळाला. शेजारी कुत्रा आहे, त्याला गोचीड आहेत.

विचारायचं आहे ते असं:
१. औषध लागू पडलं नाही का? दुसरं घ्यावं का?
२. पिल्लाला काय करायचं?
३. शेजाऱ्यांनी त्यांच्या कुत्र्याची एक ट्यूब दिली आहे, १० ते २५ किलो वजनासाठी, अडीच मिलिलिटरची. चौथा हिस्सा बोक्याला घातला तर चालेल का?
४. पेस्ट कंट्रोल करावं का?

खिडकीतला_बोका

केतकीताई, तिसऱ्याचं उत्तर आधी. ती ट्यूब घालू नका, चौथा हिस्सा नाही, एक थेंबही नाही. वेष्टनावर घटक काय लिहिलेत ते बघून इथे लिहा.

केतकी_कर्वेनगर

इमिडाक्लोप्रिड १०%, पर्मेथ्रिन ५०%.

खिडकीतला_बोका

पर्मेथ्रिनचीच भीती होती. कुत्र्याचं यकृत ते मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी विकरं फार तोकडी असतात, त्यामुळे ते अंगात साठतं आणि मज्जासंस्थेवर चढतं. ५०% म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम. अडीच मिलिलिटरचा चौथा हिस्सा घातला असतात तर ४ किलोच्या बोक्यावर ३०० मिलिग्रॅमहून जास्त गेलं असतं. "कमी घातलं की चालतं" हा हिशोब इथे लागूच होत नाही.

वाचणाऱ्या कोणाकडून हे आधीच घडलं असेल तर: कान आणि पंजे झटकणं, लाळ, अंगभर थरथर, मग झटके, अशी लक्षणं काही तासांत दिसू लागतात, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही. लक्षणांची वाट बघू नका. कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या लिक्विड सोपने मानेवरचं औषध धुवा, टॉवेलात गुंडाळून ऊब द्या आणि तडक डॉक्टरांकडे न्या. ट्यूबचं वेष्टन सोबत घ्या.

अमिट्राझ आणि गुरांच्या गोचिडांसाठी मिळणारं डेल्टामेथ्रिन यांनाही मांजरासाठी हाच नियम. शेतीच्या दुकानात "बादलीभर पाण्यात दोन मिली टाका" असं सांगून देतात ते मांजराला लावायचं नाही. आणि शेजाऱ्यांनी ती ट्यूब कुत्र्याला घातली, तर पुढचे तीन दिवस तो आणि तुमची मांजरं एकमेकांना घासणार नाहीत हे बघा.

रानजाई

आता पहिला आणि चौथा प्रश्न, कारण खरी गोम तिथे आहे.

आधी खात्री. ते काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवून दोन मिनिटं थांबा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती धूळ असेल तर डाग पडत नाही.

मांजराच्या अंगावर दिसतात त्या फक्त मोठ्या पिसवा, एकूण पसाऱ्याचा अगदी थोडा भाग. मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते. अंडी चिकट नसतात, गुळगुळीत असतात, त्यामुळे मांजर जिथे झोपतं तिथे मिठासारखी सांडतात. त्यातून अळ्या निघतात आणि त्या उजेडापासून पळतात: सोफ्याच्या शिवणीत, गादीखाली, शहाबादी फरशीच्या सांध्यात. तिथे पडलेली तीच काळी विष्ठा खाऊन वाढतात. मग कोष. कोषावर धूळ चिकटलेली असते, त्याच्या आत औषध पोचत नाही, आणि आतली पिसू आठवडेच काय, महिनेही थांबू शकते. पावलांची हादर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर उडी. तुम्ही पलंगावरून पाय खाली टाकता तेव्हा नेमकं हेच होतं.

म्हणून औषध घातल्यावरही दोन-तीन महिने नव्या पिसवा दिसत राहतात. त्या औषध घालण्याआधीच पडलेल्या अंड्यांमधून आलेल्या असतात. औषध "फेल" गेलं असं समजून लोक दर पंधरा दिवसांनी ब्रँड बदलतात, तिथे सगळं बिघडतं. पुण्यात जून ते सप्टेंबर तर पिसवांना हवं तसं हवामान: पंचवीस-सत्तावीस अंश आणि दमट. उबदार दमट घरात अंड्यापासून पिसूपर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उघड्यावरची अंडी वाळून मरतात, घरातली मात्र टिकतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक चूक झाली, ती आंघोळीची. फिप्रोनिल त्वचेच्या तेलासोबत अंगभर पसरतं आणि तैलग्रंथींत साठून महिनाभर झिरपतं. घालण्याआधी ४८ तास आणि नंतर ४८ तास पाणी नको. शांपूने तेल काढून टाकलंत तर पसरायला वाटच उरत नाही.

आता काय करायचं: लगेच दुसरा डोस देऊ नका, चार आठवडे पूर्ण होऊ द्या. मग डॉक्टरांना विचारून मांजरासाठीचंच सेलामेक्टिन (२.६ ते ७.५ किलोसाठी ४५ मिलिग्रॅमची ट्यूब) किंवा फिप्रोनिल आणि एस-मेथोप्रीन यांचं मिश्रण. मेथोप्रीन अंडी आणि अळ्या वाढू देत नाही. सेलामेक्टिन कानातल्या किडी आणि काही जंतांवरही चालतं, पण गोचिडांसाठी त्यावर विसंबू नका, तिथे फिप्रोनिल बरं. तुमच्याकडे गोचीड निघालाय, म्हणून माझं मत दुसऱ्या पर्यायाला.

घालताना कवटीच्या बुंध्याशी, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस दोन्ही बाजूंना सारून पांढरी त्वचा दिसू द्या आणि ट्यूबचं टोक त्वचेला टेकवून दाबा. केसांवर पडलं तर ते वाया गेलं. बोटाने चोळू नका. दोघं एकमेकांना चाटत असतील तर सुकेपर्यंत वेगळ्या खोल्यांत. घरातल्या प्रत्येक मांजराला एकाच दिवशी, महिन्यातून एकदा, किमान तीन महिने. एकाला वगळलंत तर पिसवांना रक्ताची सोय राहिली.

पेठकर

घरच्या उपायांचंही कोणी लिहा ना. कडुनिंबाचं तेल, कापूर, अंथरुणात डांबर गोळ्या, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतं. केमिकलपेक्षा बरं नाही का?

खिडकीतला_बोका

पेठकर, कपाटातल्या लोकरी कपड्यांना डांबर गोळ्या ठीक, मांजराच्या अंथरुणात नकोत. मांजर दिवसातला बराच वेळ अंग चाटतं, म्हणजे अंगाला लावलेलं सगळं पोटात जातं. गोळ्यांतल्या नॅप्थलिनने रक्तपेशी फुटतात. कापूर आणि टी-ट्री तेलाने तोल जाणं, थरथर, झटके. निंबाचं शुद्ध तेल चाटून उलट्या, लाळ होते, आणि त्याने घरातले कोष मरत नाहीत. फरशी पुसायच्या फिनाइललाही हेच लागू. ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं आणि फिनॉलचं विष त्याला बाधतं. साबणाचं पाणी वापरा.

घरचा एक उपाय मात्र खरोखर कामाचा: बारीक दातांची फणी. वाडग्यात कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. मान, पोट, शेपटीचं मूळ विंचरा आणि प्रत्येक खेपेला फणी पाण्यात बुडवा. नुसत्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून जाते, साबणाने पाण्याचा ताण मोडतो म्हणून ती बुडते. नखाने चिरडू नका. पिसू चाटून गिळली गेली की तिच्यातून मांजराला पट्टकृमी होतो. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या कणीसारखे तुकडे दिसले तर डॉक्टरांकडून प्राझिक्वांटेल घ्या, साध्या जंताच्या औषधाने तो जातोच असं नाही.

रानजाई

चौथा प्रश्न राहिला होता. पेस्ट कंट्रोलने सुरुवात करू नका. आधी पंधरा दिवस रोज व्हॅक्यूम: सोफ्याच्या फटी, पलंगाखाली, चपलांचा रॅक, मांजर जिथे लोळतं तो प्रत्येक कोपरा. नंतर एक दिवसाआड. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, हा त्यातला मोठा फायदा. पिशवी किंवा डबा लगेच घराबाहेर रिकामा करा, नाहीतर त्या आतून परत निघतात. चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात. गोधडी वाळवायला ऑगस्टच्या उन्हावर भरवसा धरू नका, मांजराखाली धुता येईल असा जुना टॉवेलच घाला. चादर उचलताना चारी टोकं आत दुमडून उचला, झटकलीत तर अंडी खोलीभर.

आणि मांजराला त्या खोलीतून हाकलू नका. औषध घातलेलं मांजर म्हणजे पिसवांचा सापळा. नवी पिसू त्याच्यावर उडी मारते आणि मरते. बंद ठेवलेल्या खोलीत कोष वाट बघत पडून राहतात.

महिन्याभराने फरक नसेल तर पेस्ट कंट्रोल, पण फोनवरच सांगा की घरात मांजरं आहेत आणि पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीनसारखं वाढ रोखणारं औषध हवंय. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन मारणार असतील तर फवारा पूर्ण सुकून खिडक्या उघडून हवा खेळेपर्यंत मांजरं घराबाहेर. माशांची टाकी असेल तर पंप बंद करून झाका.

टेकडीवाला

गोचिडाचं थोडक्यात. आपल्याकडे बहुधा तपकिरी श्वानगोचीड असतो. तो मांजरावर कमी, पण कुत्र्यावरून पोट भरून उतरला की भिंतीवर चढतो आणि चौकटीच्या फटीत, मीटरच्या पेटीमागे अंडी घालतो, एका मादीची हजारांत. म्हणून शेजारच्या कुत्र्याचे उपचार झाल्याशिवाय तुमचं काम अर्धंच. त्यांच्याशी बोला, सामायिक भिंत आणि दाराची चौकट दोन्हीकडून तपासा.

काढताना बारीक टोकाचा चिमटा, त्वचेला अगदी लागून तोंडापाशी पकड, आणि सरळ वर सावकाश ओढ. पिळू नका, पोट दाबू नका. रॉकेल, मेणबत्ती, काडी काही नको, त्याने गोचीड पोटातलं जखमेत ओकतो. नंतर जखम अँटिसेप्टिकने पुसा आणि गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका. दर दोन दिवसांनी कानामागे, हनुवटीखाली, बोटांच्या बेचक्यात बघा.

गळ्यातल्या पट्ट्याविषयी कोणी विचारेलच. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिनचा मांजरांसाठीचा पट्टा १० आठवड्यांपासून चालतो, जवळजवळ ८ महिने काम करतो. पण ऑनलाइन नकली खूप, खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. घटक न लिहिलेला शंभर-दीडशेचा पट्टा नको.

केतकी_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. ट्यूब परत केली. टिश्यूवर तांबूस डाग पडला. फणी सुरू केली, बोक्याच्या अंगातून अकरा निघाल्या. पिल्लाबद्दल कोणी सांगेल का? ते दिवसभर झोपून असतं.

खिडकीतला_बोका

पिल्लाचं आजच बघा. वरचा ओठ उचलून हिरड्यांचा रंग पाहा, गुलाबी हव्यात. पांढुरक्या असतील, अंग गार लागत असेल, दूध-खाणं सोडलं असेल तर रात्र काढू नका, दवाखान्यात न्या. ७०० ग्रॅमच्या पिल्लात रक्त असतं साधारण ४०-४५ मिलिलिटर, आणि सत्तरेक माद्या मिळून दिवसाला १ मिलिलिटर ओढतात. पंधरवड्यात पिल्लाच्या एक तृतीयांश रक्ताइतकं रक्त जातं.

हिरड्या गुलाबी असतील तर: मानेवरची ट्यूब आठ आठवड्यांपासून, तेव्हा सेलामेक्टिन १५ मिलिग्रॅमची (२.५ किलोपर्यंत). तोवर रोज दोनदा फणी. फारच असतील तर डॉक्टरांना विचारून ०.२५% फिप्रोनिलचा स्प्रे, तो लहान पिल्लांनाही चालतो. मात्रा किलोमागे ३ ते ६ मिलिलिटर. १०० मिलिलिटरच्या बाटलीचा एक दाब अर्धा मिलिलिटर, म्हणजे तुमच्या पिल्लाला ४ ते ८ दाब. हातमोजा घालून त्यावर मारा आणि केसांच्या उलट दिशेने अंगभर पुसा, तोंडावर थेट नको. त्यात अल्कोहोल असतं, पिल्लू गारठतं आणि ते पेटही घेतं, म्हणून गॅसपासून लांब, खिडकी उघडी, पूर्ण सुकेपर्यंत मोठ्यांपासून वेगळं. मग गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा.

केतकी_कर्वेनगर

हिरड्या फिकट वाटतायत. निघते आत्ताच.

रानजाई

लगेच निघा. पिल्लाला पोटाशी धरून न्या, पिंजऱ्यात गार पडेल. फणीतले काळे कण टिश्यूसकट सोबत घ्या, डॉक्टरांना एका नजरेत कळेल.