क्रोशाच्या स्वेटरला सुयांवरची पट्टी कशी जोडू?

मदत हवी आहे. तान्ह्या बाळाचा समोरून उघडा स्वेटर ४ मिमीच्या क्रोशाने खांबांत (उंच टाक्यांत) विणून झालाय. आता बटणपट्टी दोन सुयांवर, एक सुलट एक उलट अशी हवी आहे. क्रोशाचीही पट्टी करून पाहिली, मागच्या धाग्यातून मुके खांब (खांबापेक्षा आखूड टाके) घालून. पण ती जाड झाली आणि सुयांवरच्या पट्टीसारखी ताणून परत जागेवर येत नाही.

अडचण उभ्या कडेवर आहे. खांबाची एक ओळ सुयांवरच्या ओळीपेक्षा बरीच उंच. पट्टीसाठी ३.५ मिमीच्या सुईवर कडेतून खांबांच्या दर ओळीला ३ टाके उचलले तर पट्टीला झालर पडली, २ उचलले तर कड आखडली. शिवाय कडेच्या खांबाला वळसा घालून सुई घातली की तिथे डोळ्यात भरेल एवढं भोक पडतं.

लोकर तीच आहे. स्वेटर उसवायचा नाही, आणि पट्टी वेगळी विणून शिवायची नाही, आतली शिवण बाळाला टोचेल.

दोन ओळींना मिळून ५ टाके उचलू का? की आधी कडेने मुक्या खांबांची एक ओळ घालून तिच्यातून टाके उचलले तर भोकंही बुजतील?