मन म्हणजे इड, अहंकार म्हणजे इगो, बुद्धी म्हणजे सुपरइगो: हा तक्ता कितपत खरा?

अर्धवट_मानसशास्त्री:

नमस्कार मंडळी. एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हौसेनं 'भारतीय मानसशास्त्र' हा पेपर घेतला आणि आता पस्तावतेय. क्लासच्या नोट्समध्ये एक तक्ता आहे. डावीकडे सांख्यांचे, म्हणजे सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनातले, मन, अहंकार, बुद्धी. उजवीकडे फ्रॉइडचे इड (दडपलेल्या इच्छा-वासना), इगो (त्यांना आवर घालणारा 'मी') आणि सुपरइगो (आईबापांच्या धाकातून आलेला आतला पहारेकरी). मध्ये तीन बरोबरची चिन्हं. हा तक्ता काढला की मार्क पक्के, असं सीनियर सांगतात.

पण सांख्यांचा मूळ श्लोकबद्ध ग्रंथ, सांख्यकारिका, मराठी अर्थासह वाचायला घेतला तर मला तिथे इड सापडेचना. मन संकल्प करतं, अहंकार अभिमान धरतो, बुद्धी अध्यवसाय म्हणजे निश्चय करते, एवढंच. दडपलेल्या इच्छा कुठेत? बापाचा धाक कुठेय? त्यात घरच्या ग्रुपवर मामांनी टाकलंय की फ्रॉइडनं सगळं उपनिषदांतून उचललं. मामांशी वाद घालायची सोय नाही, दिवाळीला तिकडेच जायचंय.

तर, तक्ता बरोबर आहे का? आणि नसेल तर सांख्यांच्या शेजारी आजच्या मानसशास्त्रातलं काय ठेवायचं?

जय_सह्याद्री:

मामा बरोबर आहेत. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. फ्रॉइडसुद्धा इगोला घोड्यावरचा स्वार म्हणतो. एवढा योगायोग होतो का? आपलंच आपल्याला पटत नाही, गोऱ्यांनी सांगितलं की पटतं. असो.

खवचट_काका:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. नैयायिकबुवा कुठायत?

निवृत्त_नैयायिक:

आलो. चहा व्हायचा होता.

जय_सह्याद्री, घोड्यांच्या पुराव्यावर चोरी लावायची तर आधी प्लेटोला धरावं लागेल. त्याच्या 'फीड्रस'मध्येही रथ आहे, सारथी आहे, एक गुणी आणि एक द्वाड असे दोन घोडे आहेत, आणि फ्रॉइड शाळेपासून ग्रीक शिकलेला माणूस. शिवाय कठातल्या रथात सारथ्याच्या मागे मालक बसलाय: आत्मानं रथिनं विद्धि. फ्रॉइडच्या १९२३ सालच्या घोड्यावर स्वार एकटाच आहे, मागे कुणी नाही. हा मागे बसलेला इसम लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच गाडी अडणार आहे.

फ्रॉइडला उपनिषदं ठाऊकच नव्हती असंही नाही. १९२० च्या 'बियॉण्ड द प्लेझर प्रिन्सिपल'मध्ये त्यानं बृहदारण्यकाचा उल्लेख केलाय. आत्म्याला एकट्याला रमेना, म्हणून त्यानं स्वतःचे दोन भाग केले आणि पती-पत्नी झाले, ती कथा. तीही तळटीप देऊन आणि कुणी लक्षात आणून दिली त्याचं नाव घेऊन. चोर तळटीप देत नाहीत. मामांना सांगायचं असेल तर कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोसांचं सांगा. त्यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली, फ्रॉइडशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, आणि इच्छांबाबतचा स्वतःचा वेगळा सिद्धांत त्याच्यापुढे ठामपणे मांडला. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला विष्णूची मूर्तीही धाडली. अभिमान बाळगायला ही गोष्ट पुरेशी आहे, चोरीची गरज नाही.

आता तक्ता. तो चुकीचा आहे, आणि कारिकेतूनच ते दाखवता येतं. तेविसावी कारिका, म्हणजे श्लोक, बुद्धीची आठ रूपं सांगते: धर्म, ज्ञान, वैराग्य, ऐश्वर्य, आणि त्यांच्या उलट अधर्म, अज्ञान, आसक्ती, अनैश्वर्य. म्हणजे अधर्मसुद्धा बुद्धीचाच. डोक्यात बसून 'हे करू नको' म्हणणाऱ्या सुपरइगोत हे कसं बसवणार? मनाचंही तेच. सांख्यांचं मन हे वासनांचं कोठार नाहीच. जुने ठसे, म्हणजे संस्कार, त्यांचा हिशेब वेगळा. योगसूत्रांत क्लेश 'प्रसुप्त' असू शकतात, झोपलेले. पण कुणी शरमेनं दाबून ठेवलेत म्हणून नव्हे, जागं करणारं काही अजून समोर आलं नाही म्हणून. ज्याच्यावर फ्रॉइडची सगळी इमारत उभी आहे ते दमन इथे नाही.

मग शेजारी काय ठेवायचं? तिसाव्या कारिकेवरची वाचस्पति मिश्रांची टीका काढा, 'सांख्यतत्त्वकौमुदी'. मिथिलेचा माणूस, हजारेक वर्षांपूर्वीचा. मला तो सगळ्या टीकाकारांत लाडका, कारण उदाहरण द्यायला लागला की चित्र उभं करतो. मंद उजेड आहे. पुढे काहीतरी आहे एवढंच दिसतं, धड कळत नाही. हे डोळ्याचं काम, आलोचन. मग माणूस चित्त लावून बघतो: अरे, हा तर पाटच्चर, दरोडेखोर! बाण लावलेली दोरी कानापर्यंत ओढलेली, धनुष्याचं पार वर्तुळ झालेलं. हे ओळखणं मनाचं. मग वाटतं, 'हा माझ्याच रोखानं येतोय.' हे अहंकाराचं. मग ठरतं, 'इथून निघावं.' हे बुद्धीचं.

अहंकार इथे काय करतोय ते नीट बघा. गर्व नाही, इच्छा नाही, इडला आवर घालणं नाही. जे दिसलं त्याला फक्त 'माझ्याशी संबंधित' असा शिक्का मारतोय. तुमच्या अभ्यासक्रमात रिचर्ड लॅझरस असेलच. १९६६ च्या पुस्तकात तो ताणाबद्दल काय म्हणतो? आधी मूल्यमापन: यात माझं काही पणाला लागलंय का? मग दुसरं: मला काय करता येईल? तुमच्या तक्त्यात फ्रॉइडच्या जागी लॅझरस ठेवा. अगदी चपखल नाही बसणार. लॅझरसला भीती, राग या भावना कुठून येतात ते सांगायचंय. वाचस्पतींचा माणूस पळतो, पण तो घाबरला असं तिथे म्हटलेलंच नाही. पण निदान दोघं एकाच प्रसंगाबद्दल बोलताहेत.

त्याच जागी दुसरं उदाहरण आहे. काळाकुट्ट अंधार, वीज चमकते आणि अगदी समोर वाघ! तिथे पाहणं, ओळखणं, 'माझ्यावर येतोय' आणि 'पळ' हे चारही एकदम घडतं, माणूस एका उडीत बाजूला. मेंदूत भीतीचा एक आखूड रस्ता आणि एक लांबचा रस्ता असतो असं जोसेफ लेडूनं १९९० च्या दशकात मांडलं, ते वाचताना मला हा वाघ आठवला होता. मात्र लेडूनं प्राण्यांवर प्रयोग केले, वाचस्पतींनी केले नाहीत. हा फरक झाकून 'आपल्याला आधीच ठाऊक होतं' म्हणू नये.

आता थोडं आमच्या पक्षाचं, कारण सांख्यांची एवढी तारीफ करून मला झोप लागायची नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, म्हणतात, एकदम काही घडत नाही. मन अणुएवढं आहे, एका वेळी एकाच इंद्रियाला जोडलं जातं. एका क्षणी दोन ज्ञानं होत नाहीत हीच मन असल्याची खूण. प्रतिपक्षी विचारतो, मग लांबलचक शष्कुली खाताना काय होतं? आपली चकलीच धरा. दिसते, खमंग वास येतो, हाताला काटे लागतात, जिभेला चव, कानाला कुरकुर. पाचही एकदम! उत्तर: नाही. कमळाची शंभर पानं एकावर एक ठेवून सुई टोचली तर एकदम टोचल्यासारखी वाटते, पण पान एकेकच फुटतं. मन तेवढ्या वेगानं फिरतं. १९३१ साली टेलफर्डनं दाखवलं की दोन इशारे पाठोपाठ दिले तर दुसऱ्याला प्रतिसाद द्यायला माणसाला जास्त वेळ लागतो. १९५८ मध्ये ब्रॉडबेंटनं लक्षाच्या अरुंद वाटेचा सिद्धांत मांडला. वाघ सांख्यांचा, चकली आमची. प्रयोगशाळेत चकलीचं बरं चाललंय. अणू मात्र कुणाला सापडला नाही, तो सोडून द्या.

राहिला मागे बसलेला इसम. सांख्यांत मन, अहंकार, बुद्धी तिन्ही प्रकृतीची, म्हणजे जड. विचार करणारं सगळं यंत्र घडा-कापडाच्या बाजूला, आणि पुरुष फक्त पाहणारा. तो ठरवत नाही, आठवत नाही, सुखावत नाही. लॅझरसकडे या पाहणाऱ्यासाठी रकानाच नाही. आमचे नैयायिक तर इच्छा, द्वेष, सुख, दुःख थेट आत्म्याच्या पदरात टाकतात, म्हणजे 'प्राचीन भारतीय मत' असं एक काही नाहीच, घरातच भांडण आहे. आणि सांख्यांना पोचायचंय कुठे? चौसष्टावी कारिका: नास्मि, न मे, नाहम्. मी नाही, माझं नाही, 'मी' असं काही नाही. हे घेऊन आत्मविश्वास वाढवण्याच्या शिबिरात जाऊन बघा.

ठाणेकर_समुपदेशक:

नैयायिककाका, प्रतिसाद प्रिंट करून ठेवलाय. शेवटच्या मुद्द्यात माझी थोडी भर.

माझ्याकडे येणाऱ्यांत व्हॉट्सअ‍ॅपवरून 'साक्षीभाव' शिकून आलेले बरेच असतात. सतत तेच तेच विचार घोळवणाऱ्याला 'विचार हा फक्त विचार आहे, लांबून बघ' हे खरंच उपयोगी पडतं, आणि आजच्या उपचारपद्धतींतही ते आहे. पण काहींना आधीच आपण स्वतःपासून तुटलोय, काचेपलीकडून स्वतःला बघतोय असं वाटत असतं. डीपर्सनलायझेशन. त्यांना 'तू मन नाहीस, तू साक्षी आहेस' सांगितलं तर त्रास वाढू शकतो. त्यांना मी आधी पायाखालची फरशी किती गार आहे ते विचारते. साक्षी नंतर बघू.

वर्णनाच्या बाबतीत मात्र जुनी मंडळी पक्की. योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त विस्कटलं की सोबत काय येतं ते दिलंय: दुःख, खिन्नता, अंगाला कंप, श्वास-उच्छ्वास बिघडणं. चिंतेच्या झटक्यात येणाऱ्याच्या फाइलमध्ये मी साधारण हेच लिहिते. चरकाची उन्मादाची व्याख्या घ्या: मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा, आचार यांचा विभ्रम. आमच्या तपासणीच्या फॉर्मात यातले निम्मे रकाने आजही आहेत.

पण जय_सह्याद्री, उपचाराचा अध्यायही वाचा. सांत्वन आहे, धीर देणं आहे, आणि त्याच अध्यायात दात काढलेला साप आणि माणसाळवलेले सिंह-हत्ती अंगावर आणून रोग्याला घाबरवा, हेही आहे. घ्यायचं तर निवडून घ्यावं लागतं. पश्चिमेच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळांतही कमी छळ नव्हता, तेव्हा ही स्पर्धाच नको.

जय_सह्याद्री:

सापाचं माहीत नव्हतं. बोसांचं तर अजिबातच नाही. चोरीचा शब्द मागे, अभिमान कायम.

अर्धवट_मानसशास्त्री:

काका, ताई, खूप आभार! वाचनखूण साठवली. एकच शंका: वाघाच्या उदाहरणात चारही एकदम होतात, तर त्यात अहंकार वेगळा आहे हे वाचस्पतींना कळलं कसं? तो दिसतच नाही ना?

निवृत्त_नैयायिक:

बरोबर जागी बोट ठेवलंत. दिसत नाही. दरोडेखोराच्या प्रसंगात क्रम सुटा दिसतो, म्हणून वाघाच्या प्रसंगातही ते घटक असणारच, असं अनुमान आहे ते. आम्ही नैयायिक त्यांना तिथेच पकडतो: एकदा क्रम मान्य केलात तर वाघापाशी तो का सोडता? वेग वाढला म्हणा की. सांख्यांच्या बाजूनं यावर उत्तर आहे, पण ते मी फुकट देणार नाही. तुमच्या सरांना विचारा आणि काय म्हणतात ते इथे लिहा. पेपरात मात्र दरोडेखोरच लिहा, वाघाच्या वाटेला जाऊ नका; परीक्षकाला तो तक्त्यात शोधावा लागेल.