मदत हवी आहे : डॉप्लर ‘नॉर्मल’ आला, तरी आईचा पाय सुजतोच आहे

मांडवीकाठ :
आईच्या पायाच्या नसा फुगल्या आहेत, संध्याकाळी सूज येते आणि घोट्याजवळची कातडी काळवंडली आहे. डॉप्लर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) केला, त्यात गुठळी नाही असे लिहिले आहे आणि घाबरण्यासारखे काही नाही असे आम्हांला सांगण्यात आले. मग पाय का सुजतो, आणि आता या नसा लेझरने बंद करून घ्याव्यात की नाही, एवढेच कोणीतरी स्पष्ट सांगावे. गणपतीची चवथ तीन आठवड्यांवर आली असून मूर्तीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीपासून गोडाच्या नेवऱ्यांपर्यंत सारे तिच्याच हातचे असते.

सुरंगी :
एक पाय की दोन्ही? वय किती? रक्तदाबाची गोळी कोणती? अॅम्लोडिपिनमुळेही घोटे सुजतात, पण ते बहुधा दोन्ही पायांचे.

तांबडी माती :
मी बारा वर्षे उभ्याने काम केले, त्यामुळे अनुभवाने सांगतो की लेझरच्या भानगडीत पडूच नये. दाबाचे मोजे आणावेत आणि सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवावेत. आपल्या दमट हवेत पहिला आठवडा जीव नकोसा होतो, पुढे सवय होते.

खाजन :
मोजे नंतर. तपासणी आडवे झोपवून केली की उभे करून? गुठळी शोधणे आणि शिरांतील झडपा गळतात का ते पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झडपांसाठी रुग्णाला उभे करून पोटरी दाबून सोडतात आणि रक्त किती वेळ उलटे वाहते ते मोजतात. वरवरच्या शिरांत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटा प्रवाह दिसला, तर झडप निकामी समजतात. ‘गुठळी नाही’ या वाक्यात यांपैकी कशाचेही उत्तर नाही.

भाटकार :
माझ्या मांडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या निळ्या रेषा आहेत. त्यांवर कोणते मलम चालते?

सुरंगी :
आपण कृपया वेगळा धागा काढावा.

मांडवीकाठ :
इतके प्रश्न येतील असे वाटले नव्हते. वय ६३, फक्त डावा पाय, खानावळ चालवते. रक्तदाब नाही, मधुमेह चौदा वर्षांचा. तपासणी झोपवूनच, पाच मिनिटांत आटोपली. घोट्याच्या आतल्या बाजूला एक जखम आहे, पण ती करवंटी लागून झालेली असल्यामुळे लिहिली नव्हती. दोन महिने झाले, भरत नाही.

खाजन :
हीच गोष्ट पहिल्या ओळीत हवी होती. या आजाराच्या पायऱ्या सी ० ते सी ६ अशा मोजतात : नुसत्या फुगलेल्या शिरा म्हणजे सी २, सूज सी ३, कातडी काळवंडणे सी ४ आणि उघडी जखम सी ६. निमित्त करवंटीचे असले, तरी ती न भरण्याचे कारण साचलेले रक्त असू शकते. मोजे मात्र आताच घालू नयेत. आधी घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढून घ्यावे, कारण ते ०.९ च्या खाली असेल तर धमन्याच अरुंद झालेल्या असतात आणि वरून दाब दिल्यास पाय बिघडू शकतो. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा मोठाही येतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाबही मोजायला सांगावे.

तांबडी माती :
माझे असले काही मोजले नव्हते, तरी मला काही झाले नाही.

खाजन :
आपल्याला मधुमेह नव्हता आणि जखमही नव्हती.

सुरंगी :
चवथीची वाट पाहू नका. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) शल्यचिकित्सा विभागात दाखवा आणि जखमेचा उल्लेख सर्वांत आधी करा. पोटरी अचानक दुखून सूज वाढली किंवा धाप लागली, तर मात्र थेट आपत्कालीन विभागात न्या.

मांडवीकाठ :
सोमवारी बांबोळीला नेतो. उभ्याच्या डॉप्लरसाठी उपाशी जावे लागते का?

खाजन :
पायाच्या शिरांसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. मधुमेह असल्याने न्याहारी आणि नेहमीची औषधे घेऊनच न्या. बराच वेळ उभे राहावे लागेल, त्यामुळे चक्कर आल्यास लगेच सांगायला आईंना बजावून ठेवा. जुना रिपोर्ट सोबत असू द्या.